उस्ताद म्हणाले, थांब

माझ्या मस्तकावरची सावली, आदरणीय एशरत खानुम, माझ्या मादरजान,

सलाम आणि दुवा. तुमचे हात डोळ्यांना लावते. तुमची सावली आम्हा सर्वांवरून तीळभरही कमी न होवो. गुडघे कसे आहेत? औषध जेवणानंतर घेता ना? (पोयान म्हणतो, तुम्ही ते जेवणाआधीच उरकून टाकता, कारण नंतर लक्षात राहत नाही. मादरजान, तुमची सून डॉक्टर आहे. बाकी कशात नसेल ऐकायचं तर नका ऐकू, गोळ्यांच्या बाबतीत तरी ऐका.) यज्दला आता रात्री गार होत असतील. इथे बंदर अब्बासला हवा अशी आहे की न्हाऊन बाहेर पडलं काय आणि न न्हाता पडलं काय, रुग्णालयाच्या फाटकापर्यंत दोन्ही सारखंच. पानीजचा खोकला थांबला का? झोपताना तिला साखरेच्या तारांचा पश्मक देत नसाल, अशी आशा करते. देत असाल तर निदान दात घासून घ्या.

तुम्ही पोयानकडे चौकशी केलीत की गोलनारच्या बदलीचं काय झालं, आणि तुमच्या मुलाने सांगितलं, 'इन्शाल्लाह, होईल.' तुमचा मुलगा गुणी आहे, पण त्याला विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर हेच असतं, मग प्रश्न बदलीचा असो की गळक्या नळाचा. म्हणून म्हटलं आपणच सविस्तर लिहावं. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही आणि मी एकमेकींची तब्येत विचारण्यातच इतक्या दमतो की पुढचं काही बोलायला त्राण उरत नाही.

तर मूळ गोष्ट. निवासी डॉक्टर म्हणून माझं अर्धं शिक्षण झालं आहे आणि अर्धं बाकी आहे. मध्येच सोडलं तर केलेलं सगळं पाण्यात. न सोडावं तर अजून दोन वर्षं मी समुद्राकाठी आणि माझी मुलगी वाळवंटात. मधला मार्ग एकच, उरलेलं शिक्षण यज्दच्या रुग्णालयात करायचं. त्याचा नियम असा की माणसाच्या बदल्यात माणूस. यज्दमधल्या कुणी माझ्याच विषयाच्या आणि माझ्याच वर्षाच्या डॉक्टरने इकडे यायला तयार व्हायला हवं, दोन्हीकडच्या विभागप्रमुखांनी सही करायला हवी, आणि मग समितीने मान डोलवायला हवी. यज्दची गार रात्र सोडून बंदरच्या घामात यायला कोण तयार होणार, असं मला वाटत होतं. पण देवाने एक बंदा पाठवला. डॉक्टर बेहजाद दश्ती. मूळचा इथला, यज्दला अडकलेला, आणि ताज्या मासळीच्या आठवणीने अक्षरशः वाळत चाललेला. त्याच्या प्रमुखांनी सही केली. राहिली फक्त माझ्या प्रमुखांची, उस्ताद कियानफर यांची. समितीची बैठक पुढच्या रविवारी होती, आणि त्यानंतरची थेट वर्षाने.

मला घाई का झाली होती तेही सांगते. त्या गुरुवारी संध्याकाळी मी फोन केला, तुम्ही स्वयंपाकघरात होतात आणि पानीजने फोन उचलला. पडद्यावर माझं तोंड बघून ती आत ओरडली, 'मामान, फोनमध्ये ती खाले आली.' मामान म्हणजे तुम्ही. खाले म्हणजे मी. शेजारणीला म्हणतात तसं खाले, रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही बाईला म्हणतात तसं खाले. तुम्ही हात पुसत आलात, हसलात आणि म्हणालात, 'लेकरू आहे, मनावर घेऊ नकोस.' मीही हसले. मी त्या दिवशी खूप वेळ हसत होते, मादरजान. शेवटी सोबतच्या डॉक्टरीणबाईने विचारलं, रडतेस का?

शनिवारी सकाळी मी उस्तादांच्या खोलीत गेले. उस्तादांना तुम्ही पाहिलेलं नाही. मोठा माणूस. विद्यार्थ्याशीसुद्धा बसून बोलत नाहीत, आधी उठून उभे राहतात. मी अर्ज पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, चष्मा काढला आणि हात छातीवर ठेवून म्हणाले, 'आमच्याकडून काही कमी पडलं का, दोक्तर?'

आता मला सांगा, यावर काय बोलायचं? तुम्ही असतात तर काय बोलला असतात? जे तुम्ही बोलला असतात तेच मी बोलले. म्हणाले, 'देवाची शपथ, असं बोलून मला लाजवू नका. मी आपल्या पायाची धूळ. आपण माझे वडील आहात.' ते म्हणाले, 'तू गेल्यावर हा विभाग अंधारा होईल.' मी म्हणाले, 'आपल्या सावलीत अंधार कसला.' ते म्हणाले, 'नको जाऊस. थांब.' आणि माझ्या तोंडातून (हे तोंड माझं, पण आतली जीभ माझ्या आईची, आजीची आणि खापरपणजीची) निघून गेलं, 'आपण म्हणालात तर मी मरेपर्यंत इथेच थांबेन.'

उस्ताद क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'बरं. थांब तर मग.' आणि अर्ज त्यांनी खणात ठेवून दिला.

मी बाहेर आले. आपल्याकडे तारोफ कसा असतो? यजमानाने आग्रह करायचा, पाहुण्याने नको म्हणायचं. पाहुण्याने जीव ओवाळून टाकायचा, यजमानाने तो परत करायचा. जीव टाकला आणि समोरच्याने झेलून खणात ठेवला, असं मी आजवर पाहिलं नव्हतं. संध्याकाळी बेहजादचा फोन आला. 'झाली ना सही, दोक्तर?' मी म्हणाले, 'जवळजवळ.' तो म्हणाला, 'अल्हमदुलिल्लाह, कारण मी आज विभागात मिठाई वाटली.' मी विचारलं, आत्ताच का? तर म्हणे, 'माझ्या प्रमुखांनी सही केली ना, मग सगळे मिठाई मागायला लागले. नाही कसं म्हणणार?' म्हणजे तिकडेही तीच जात.

मी ठरवलं, चूक दुरुस्त करायची. तुम्ही पाठवलेला कोत्ताबचा डबा मी अजून फोडला नव्हता. (खोटं का बोलू, वरचा थर संपला होता. खालचे वर लावले.) सोमवारी तो घेऊन गेले. मनात होतं की तोंड गोड झालं की हळूच म्हणेन, उस्ताद, त्या अर्जाचं जरा. उस्तादांनी एक कोत्ताब खाल्ला आणि डोळे मिटले. 'ज्या घरात असे कोत्ताब तळतात त्या घरची सून आमच्याकडे आहे,' म्हणाले, 'आणि आम्ही तिला जाऊ देणार होतो!' मादरजान, इतकी वर्षं तुमच्या हाताची चव मी सगळ्यांना सांगत आले, पण त्या दिवशी प्रथमच वाटलं की बदाम थोडे खवट निघाले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, 'बोल, तुझ्यासाठी काय करू?' हीच वेळ होती. दार उघडं होतं, फक्त आत जायचं होतं. मी म्हणाले, 'आपली तब्येत चांगली असो, मला आणखी काही नको.' उस्ताद इतके हेलावले की त्यांनी तिथल्या तिथे मला अर्शद केलं. अर्शद म्हणजे सगळ्या निवासी डॉक्टरांचा मुकादम. पाळ्या लावायच्या आणि त्या लावल्याबद्दल शिव्या खायच्या. सुटायला गेले होते, साखळीला कुलूप लावून घेऊन आले. त्यात हे पद आधीच डॉक्टर सरमदीला कबूल झालेलं होतं. त्या दिवसापासून सरमदी माझ्या सलामाला उत्तर देत नाही. समोरून आला की भिंतीवरची हात धुण्याची सूचना वाचत उभा राहतो.

आता पोयानला सांगावंच लागलं. तुमचा मुलगा म्हणाला, घाबरू नकोस, आपण तालीम करू. मी उस्ताद होतो, तू तू हो. फोनवर तालीम सुरू झाली. मी म्हणाले, 'उस्ताद, मला यज्दला जायचं आहे.' पोयान जड आवाजात म्हणाला, 'बस, मुली. आधी चहा घे.' मी म्हणाले, 'नको, आपल्याला त्रास.' तो म्हणाला, 'त्रास कसला, चहाच तर आहे.' बराच वेळ गेला तरी आम्ही चहावरच होतो. मग तो म्हणाला, 'तू गेलीस तर हा म्हातारा कुणाकडे बघणार?' आणि हे त्याने इतक्या जिव्हाळ्याने म्हटलं की मी म्हणाले, 'बरं, थांबते.' टाइल्सच्या कारखान्यात पोयानने आजपर्यंत पगारवाढ का मागितली नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

तरी बुधवारी तिसऱ्यांदा गेले. या वेळी वाक्य पाठ होतं आणि ते दारातच बोलायचं असं ठरलं होतं, बसायच्या आधी. पण उस्ताद उठून उभेच राहिले नाहीत. खिडकीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, 'आज आणखी दोघांचे अर्ज आले. सगळ्यांना जायचंय. एकटी तूच आहेस जी थांबलीस.' त्यांचा आवाज बसला होता. अशा माणसासमोर पाठ केलेलं वाक्य बोलायला दगडाचं काळीज लागतं. माझं दगडाचं नाही, कसलं आहे ते माहीत नाही, पण कुणाच्याही चटक्याने वितळतं. मी म्हणाले, 'उस्ताद, आपण काळजी करू नका.' ते म्हणाले, 'शुक्रवारी घरी जेवायला ये.' मी तीनदा नको म्हणाले, ते चारदा ये म्हणाले, आणि जेवण ठरलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्याकडे तर ती सगळ्या बहिणी घेऊन राहायला आली आहे.

शुक्रवारी सकाळी बेहजादचा फोन. या वेळी सलामसुद्धा नाही. 'दोक्तर, मी कार्यालयात विचारलं. तुमचा अर्ज पोचलेलाच नाही. रविवारी बैठक आहे. माझ्या आईने माझी खोली झाडून ठेवलीय, दाराला रंग दिलाय. मी इथली खोली सोडलीय. तुम्हाला यायचंय की नाही, एकदा काय ते सांगा.' मी म्हणाले, 'तुम्ही म्हणाल तसं.' तो म्हणाला, 'मी म्हणेन तसं काय? बदली तुमची आहे ना? मी वाटलेली मिठाई आता लोकांच्या पोटातून परत काढू का?' आणि त्याने फोन ठेवला. बंदरची माणसं मोकळी असतात म्हणतात ते खरं आहे.

दुपारी उस्तादांच्या घरी गेले. दारात 'तुम्ही आधी', 'छे, तुम्ही आधी' करताना आतलं जेवण निवलं असेल. त्यांच्या पत्नी मीनू खानुम यांनी चिंचेच्या रश्शातली मासळी केली होती, भात होता, तळातली खरपूस खरवड वेगळी काढून ठेवली होती. मी पोटभर जेवले. मीनू खानुमनी आणखी वाढलं. मी म्हणाले, पुरे. त्यांनी आणखी वाढलं. मी म्हणाले, खरंच पुरे. त्या म्हणाल्या, 'तारोफ करतेयस,' आणि पुन्हा वाढलं. मी ताटावर हात आडवा धरला, तर उस्तादांनी बोटांच्या फटीतून मासळीचा तुकडा सरकवला. मी ताटाकडे बघत होते आणि मला दिसत होतं की हे असंच चालणार. मी नको म्हणत राहणार आणि ही माणसं प्रेमाने वाढत राहणार, रविवार येऊन जाणार, वर्ष जाणार, आणि पानीजला कुणीतरी सांगेल की तुझी एक खाले बंदरला असते, फार मोठी डॉक्टर आहे.

मी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, 'मला नको आहे.'

मीनू खानुम म्हणाल्या, 'फक्त एवढाच...'

'नको,' मी म्हणाले. 'मासा नको, भात नको, अर्शदपण नको. मला इथे थांबायचं नाही. उस्ताद, मी थांबते म्हणाले ते खोटं होतं. मला यज्दला जायचं आहे. माझी मुलगी मला खाले म्हणते.'

आयुष्यात इतकी वाक्यं मी एका दमात तारोफाशिवाय कधी बोलले नव्हते. मीनू खानुमच्या हातात वाढायचा डाव तसाच राहिला. उस्ताद माझ्याकडे बघत होते. पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच.

'मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?' ते म्हणाले.

'आपण थांब म्हणालात.'

'अगं मुली, निघालेल्या माणसाला थांब म्हणायचं नाही तर काय, चल नीघ म्हणायचं? मी एकदा थांब म्हणालो, तू दोनदा नाही म्हणायचंस, मी सही करायची. पेन उघडून बसलो होतो मी. तू एकदम मरेपर्यंत थांबते म्हणालीस. आता मरायला तयार झालेल्या पोरीला जा कसं म्हणू?'

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उस्तादांनी यज्दच्या प्रमुखांना आधीच शब्द दिला होता की तुमचा दश्ती पाठवा, आमची गोलनार न्या म्हणून. माझ्या त्या शपथेनंतर उस्तादांना यज्दला फोन करून शब्द फिरवावा लागणार होता, ते आठवडाभर टाळत होते आणि फोन अजून केला नव्हता. मला कोत्ताबच्या बदल्यात काहीतरी द्यायलाच हवं म्हणून अर्शदपण दिलं, आणि सरमदीला तोंड दाखवायची चोरी झाली म्हणून ते मागच्या जिन्याने ये-जा करत होते. आणि बुधवारी खिडकीकडे तोंड करून बसले होते ते दोघांच्या अर्जामुळे नव्हे, तर मी आता आणखी काय आणून देते आणि त्याच्या बदल्यात काय द्यावं लागतं या काळजीने. मीनू खानुम म्हणाल्या, 'आठवडाभर घरात झोप नाही यांना. मला म्हणतात, ती पोरगी जात का नाही?' हे म्हणताना त्या हसल्या नाहीत. मग मात्र उस्तादच हसायला लागले, आणि मला वाटतं मीही हसले. नीट आठवत नाही, कारण मी रडतही होते.

सही शनिवारी सकाळी झाली. उस्तादांनी अर्ज खणातून काढला, पेन हातात घेतलं आणि सवयीने म्हणाले, 'अजून विचार कर, थांबलीस तर आम्हाला...' मी म्हणाले, 'नाही.' ते म्हणाले, 'शाबास,' आणि सही केली. रविवारी समितीने मान डोलावली. बेहजादने फोनवर मला प्रथमच 'तुमच्यावरून ओवाळून टाका मला' म्हटलं, आणि सरमदीने आज सलामाला उत्तर दिलं. मेहर महिना लागला की मी यज्दला हजर होणार.

तर अशी ही बातमी आहे. शेजारपाजारच्या सर्वांना सलाम. पोयानला सांगा, कारखान्यात साहेबांकडे गेलास तर चहाला बसू नकोस. तुम्हाला दीर्घायुष्य लाभो आणि गुडघ्यांनाही तुमच्याइतकंच लाभो.

तुमची धाकटी,
गोलनार

ता. क. कोत्ताबचा डबा परत आणते आहे. रिकामा परत करू नये म्हणतात, म्हणून त्यात इथला खजूर भरला आहे. पानीजला एका वेळी एकच द्या.

आणखी ता. क. पोयानकडून कळलं की तुम्ही आमच्यासाठी वरची खोली रंगवायला काढली आहे. डोळ्यांवर ठेवते तुमचं प्रेम. पण रुग्णालयाजवळ दोन खोल्यांचं घर बघायला मी त्याला सांगितलं आहे. तुमच्यापासून चालत जाण्याइतकंच लांब. पानीज तिथे आमच्याजवळ झोपेल. माझी रात्रपाळी असेल तेव्हा ती तुमच्याकडे येईल, आणि पाळ्या फार असतात, तेव्हा तुमची सुटका नाही. 'छे, त्रास कशाला, ठेव तिला इथेच' असं तुम्ही लिहाल, ते मला ठाऊक आहे. तुम्ही ते मनापासूनच लिहाल, तेही ठाऊक आहे. तरी माझं उत्तर नाही असंच राहील.

शेवटचं ता. क. मी बंदरला निघाले त्या दिवशी तुम्ही पानीजला कडेवर घेऊन म्हणालात, 'ही आता माझीच.' मी म्हणाले, 'मादरजान, तुमचीच आहे, मी परत मागायला येणार नाही.' तुम्ही तिला वाढवलंत, तापात रात्ररात्र जागलात, ते फेडायला माझ्याजवळ काही नाही, आणि ती माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ओळखते हेही खरं. पण माझं ते बोलणं तारोफ होतं. मी मागायला येते आहे. आणि एक काम तुम्हालाच करावं लागेल, ते मला जमणार नाही. मी पोचायच्या आधी तिला जवळ बसवा आणि सांगा की फोनमधली ती बाई तिची आई आहे. मी सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही. तुमचं ती ऐकते.